तारीख कोणाच्या हाती?



बिंदू चौकातून जाताना महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आपल्याला रोज दिसतात. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते तिथे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, केंद्रात कायदामंत्री होते. माणूस डोळ्यांसमोर असताना त्याचा पुतळा उभारण्याची हिंमत या शहराने दाखवली, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण त्याच वर्षी दिल्लीत काय चालले होते? ज्या विधेयकासाठी बाबासाहेबांनी तब्येत पणाला लावली, त्या हिंदू कोड बिलाला १९५० सालात संसदेत एकही दिवस मिळाला नाही. ते कोणी फेटाळले नव्हते, कोणी मागेही घेतले नव्हते. कामकाजपत्रिकेवर त्याला तारीख मिळाली नाही, इतकेच घडले.

आज मला त्या न मिळालेल्या तारखेबद्दल बोलायचे आहे.

समितीची बैठक कधी, अहवाल कधी, चर्चा किती दिवस, मुदतवाढ किती, या गोष्टी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि आपण पान उलटतो. सभागृहात मतविभागणी होते तेव्हा कोण कुठल्या बाजूला उभा होता हे नावानिशी छापले जाते. तारीख पुढे जाते तेव्हा मात्र कोणाचेच नाव लागत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की आपल्या देशातले कितीतरी मोठे निर्णय मतांनी झालेलेच नाहीत, तारखांनी झालेले आहेत. तारीख ठरवणाऱ्याला कारण लेखी द्यायला लावले नाही, तर मत देण्याच्या अधिकाराचे मोल निम्मे होते.

उमेदीची सारी वर्षे मी दिवाणी कोर्टात घालवली. पक्षकार निकालाला एक वेळ तोंड देतो, तारखेपुढे तो खचतो. आणि कोल्हापूरला हे मी वेगळे सांगायची गरज नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या सहा जिल्ह्यांसाठी व्हावे म्हणून वकिलांच्या तीन पिढ्या रस्त्यावर उतरल्या. कोणत्याही सरकारने आपल्याला ठाम नकार दिला नाही. विचाराधीन, विचाराधीन, असे म्हणत चाळीसहून अधिक वर्षे गेली आणि १७ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. न दिलेला नकार किती वर्षे खातो, ते आपण भोगलेले आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. हिंदू कोडाची गोष्ट आपण भाषणांतून ऐकतो ती सनातनी आणि सुधारक यांच्या झगड्याची. ती खरीच आहे. पण ती गोष्ट मला दिनदर्शिकेच्या अंगाने सांगायची आहे, कारण तिचा खून तिथे झाला.

१९४१ मध्ये सर बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे तिचे एक सदस्य होते. १९४४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, १९४५ मध्ये तिने मुंबई, पुणे, नागपूर, मद्रास, कलकत्ता, लाहोर अशा शहरांत फिरून साक्षी घेतल्या. म्हणजे लोकांना विचारले नाही, घाई केली, असे कोणी म्हणू शकत नव्हते. ११ एप्रिल १९४७ रोजी विधेयक केंद्रीय विधिमंडळात आले. त्यानंतर एक पूर्ण वर्ष ते प्रवर समितीकडेही गेले नाही. ९ एप्रिल १९४८ ला गेले. खुद्द आंबेडकर त्या समितीत होते. समितीने चार महिन्यांत काम उरकले आणि १२ ऑगस्ट १९४८ ला अहवाल सभागृहात ठेवला.

या चार महिन्यांकडे नीट पाहा. ज्या विधेयकाला सभागृहात चार वर्षे पुरली नाहीत, त्याचे कलमवार काम समितीने एका उन्हाळ्यात आणि अर्ध्या पावसाळ्यात केले. नुसते उरकले असे नाही. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो प्रवर समितीने बरोबरीचा केला. एकत्र कुटुंबात फक्त मुलग्यांना जन्माने मिळणारा हक्कही त्या मसुद्यात संपुष्टात येत होता. समित्या म्हणजे वेळ काढण्याची जागा, असे आपण सर्रास म्हणतो. या प्रकरणात तरी तो आरोप समितीवर टिकत नाही.

पण अहवाल येताच वाद सुरू झाला तो विधेयकाच्या आशयावर नव्हे, समितीने काम कसे केले यावर. बंगालचे सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी हरकत घेतली, की सभागृहाने समितीकडे एक मसुदा पाठवला आणि समितीने विचार केला तो कायदा खात्याने नव्याने बांधलेल्या मसुद्याचा. मग हा अहवाल वैध कसा? आंबेडकरांचे उत्तर होते की मांडणी बदलली, कलमे नीट लावली, आणि समितीने प्रत्येक कलम तपासले. हरकत घेणाऱ्याला नियमाचा आधार घेण्याचा हक्क होता, हे मी वकील म्हणून मान्य करतो. सभागृहाने पाठवलेला कागद आणि समितीच्या टेबलावरचा कागद एकच असला पाहिजे, हा आग्रह चुकीचा नाही. मात्र असा मुद्दा एका दिवसात निकाली काढायचा असतो. इथे तो पुन्हा पुन्हा उगाळला गेला, आणि दर वेळी घड्याळाचे काटे विधेयकाच्या खात्यावर पुढे सरकले.

पुढचा हिशोब आंबेडकरांनीच राजीनाम्याच्या निवेदनात मांडला आहे. अहवाल विचारात घ्यावा हा प्रस्ताव त्यांनी ३१ ऑगस्ट १९४८ ला मांडला. त्या दिवशी नुसता प्रस्ताव मांडायचा, चर्चा नाही. चर्चा सुरू झाली ती फेब्रुवारी १९४९ मध्ये. तीही सलग नाही. फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन. मग थेट डिसेंबर, त्यात एक दिवस, १९ तारीख. त्या दिवशी प्रस्ताव संमत झाला, म्हणजे विधेयकावर विचार करावा एवढेच सभागृहाने मान्य केले. मग आले १९५० साल, ज्याबद्दल मी सुरुवातीला बोललो. ५, ६ आणि ७ फेब्रुवारी १९५१ असे तीन दिवस कलमवार चर्चा झाली आणि पुन्हा घोंगडे भिजत पडले. बेरीज करा. ऑगस्ट १९४८ च्या त्या प्रस्तावानंतर अडीच वर्षांत चर्चेचे दिवस अकरा.

१० ऑगस्ट १९५१ ला आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती ढासळत होती, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हे काम तडीस न्यायचे होते. विधेयक १६ ऑगस्टला घ्यावे आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवावे, अशी त्यांची मागणी होती. उत्तर आले की आत आणि बाहेर दोन्हीकडे विरोध आहे, जरा सबुरीने घ्यावे, सप्टेंबरच्या सुरुवातीला विधेयक घेऊ. प्रत्यक्षात उजाडली १७ सप्टेंबर. देशाचा कायदामंत्री स्वतःच्या सरकारकडे तारीख मागतो आहे आणि त्याला पुढची तारीख मिळते आहे. कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल.

चर्चा सुरू असतानाच प्रस्ताव आला की सगळे विधेयक या अधिवेशनात बसणार नाही, विवाह आणि घटस्फोटाचा भाग तेवढा संमत करू. आंबेडकरांनी जड अंतःकरणाने ते मानले. दोन-तीन दिवसांनी दुसरा प्रस्ताव आला, की तेवढाही भाग सोडून देऊ. कारण दिले गेले वेळ नसल्याचे. चार कलमे संमत झाली होती. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला.

निवेदनातला त्यांचा मुद्दा फार नेमका होता. वेळ नव्हता हे कारण त्यांनी अमान्य केले. त्याच अधिवेशनात बनारस आणि अलिगढ विद्यापीठांची विधेयके आणि वृत्तपत्रांविषयीचे विधेयक यांना अग्रक्रम मिळाला. ती दोन्ही विद्यापीठे कायद्याविना चालत होती असे नाही, आणि ती विधेयके थांबली असती तर आभाळ कोसळले नसते. भाषणांवर वेळेची मर्यादा घातली गेली नाही, सत्ताधारी पक्षाच्या प्रतोदाने विरोधी बोलणाऱ्या स्वपक्षीयांना आवरले नाही, हीही त्यांची तक्रार होती. तेव्हा वेळ होता. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवले गेले होते, आणि ते कोणी ठरवले हे कामकाजाच्या नोंदीत सापडत नाही.

निवेदन करण्याच्या वेळीही हाच खेळ झाला. ११ ऑक्टोबर १९५१. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला सभागृहात निवेदन करण्याचा हक्क असतो. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि बोलण्यासाठी संध्याकाळी सहाची वेळ दिली. आपले शब्द आधी तपासून घ्यायचे हे आंबेडकरांना मान्य नव्हते. ते सभागृहातून उठून बाहेर गेले आणि निवेदनाच्या प्रती पत्रकारांना दिल्या. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाचे शेवटचे मंत्रिपदाचे भाषण संसदेच्या दाराबाहेर वाटले गेले, आणि निमित्त होते वेळ आणि प्रत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती भक्कम आहे. ती संसद हंगामी होती. प्रौढ मताधिकाराने निवडून आलेली नव्हती. पहिल्या निवडणुकीचे मतदान ऑक्टोबर १९५१ मध्येच सुरू व्हायचे होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विरोध उघड होता. घराघरात शिरणारा एवढा मोठा बदल लोकांचा कौल घेऊन नव्या संसदेने करावा, असे म्हणणारे सगळेच प्रतिगामी नव्हते. आणि पुढे तसे घडलेही. निवडणूक झाली, नेहरूंना कौल मिळाला, एक मोठे विधेयक फोडून चार कायदे केले गेले. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा, १९५६ मध्ये वारसा, अज्ञानपालकत्व आणि दत्तक-पोटगीचे कायदे. लोकसभेत विवाह आणि वारसा कायदे नेटाने पुढे नेणारे मंत्री होते आपले हरी विनायक पाटसकर. चौथा, दत्तक आणि पोटगीचा कायदा अमलात आला तो २१ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी.

म्हणजे थांबणे योग्य होते का? असेल. त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण मग सरकारने उभे राहून तसे सांगायचे होते, की हा निर्णय नव्या संसदेवर सोपवावा, असा आमचा प्रस्ताव आहे. त्यावर मत घ्यायचे होते. कोण पुढे ढकलायच्या बाजूने आणि कोण विरुद्ध, हे देशातल्या स्त्रियांना मतदानाला जाण्याआधी कळले असते. ते टाळण्यासाठीच वेळ नाही हे कारण पुढे आले. माझा आक्षेप उशिराला नाही. बेवारस उशिराला आहे.

इथे कोणी म्हणेल, आमच्या शाहू महाराजांनी हे सगळे एका हुकमाने केले होते. खरे आहे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी दिल्लीच्या कौन्सिलात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारे विधेयक आणले, तेव्हा महाराजांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. ते विधेयक संमत झाले नाही. महाराजांनी मात्र १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, त्याच वर्षी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, घटस्फोटाचाही केला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांचा हात समाजाच्या हाती दिला. या भूमीने तीस वर्षे आधी केलेले काम करायला तो तरुण पुढे दिल्लीत झगडला.

पण मला राजाचा वेग नको आहे. महाराज थोर होते म्हणून हुकूम थोर निघाला. तीच लेखणी दुसऱ्या कोणाच्या हातात असती तर हुकूमही दुसरा निघाला असता, आणि जाब कोणाला विचारणार? लोकशाहीत आपण जाणूनबुजून संथ वाट पत्करली, कारण त्या वाटेवर दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. समिती ही ऐकून घेण्याची जागा आहे. म्हणूनच तिचे वेळापत्रक लपूनछपून चालता कामा नये.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडे वळतो. जादूटोणाविरोधी विधेयकाचा इतिहास कोल्हापूरला परका नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांनी याच गावात त्यासाठी सभा घेतल्या. विधानसभेने हे विधेयक १६ डिसेंबर २००५ ला संमत केले. विधान परिषदेत ते अडले, समितीकडे गेले, हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, आणि तिथेच २००९ साल उजाडले. विधानसभेची मुदत संपली. घटनेचा १९६ वा अनुच्छेद सांगतो, की विधानसभेने संमत केलेले पण परिषदेत पडून असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते. तसे ते झाले. कोणीही विरोधात मत न देता एक विधेयक मेले.

यात एक गोष्ट आहे जी फारशी बोलली गेली नाही. त्याच घटनेचा पुढचाच, १९७ वा अनुच्छेद, विधान परिषदेला साधे विधेयक रोखून धरायला फक्त तीन महिने देतो. तीन महिने उलटले की विधानसभा ते पुन्हा संमत करून परिषदेकडे पाठवू शकते, आणि दुसऱ्या खेपेला परिषदेच्या हाती एकच महिना उरतो. त्यानंतर परिषदेची संमती असो वा नसो, विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. घटनाकारांना वरच्या सभागृहाच्या वेळकाढूपणाची पुरेपूर कल्पना होती, म्हणून त्यांनी कुलपाबरोबर किल्लीही ठेवली. ती किल्ली कोणी फिरवली नाही. समितीत अडकले आहे, हे वाक्य सगळ्यांच्या सोयीचे होते. पाठिंबा देणाऱ्यांना विधेयकावर नाराज असलेल्या वारकऱ्यांची समजूत काढायची होती, विरोध करणाऱ्यांना उघड विरोध नको होता.

२०११ मध्ये विधेयक पुन्हा आले आणि अधिवेशनामागून अधिवेशने चर्चेविना गेली. दाभोलकर दर अधिवेशनाला मुंबई-नागपूरच्या वाऱ्या करत, आमदारांना भेटत, आणि कामकाजपत्रिकेवर विधेयक असूनही ते पुकारले जात नसे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांत, २४ ऑगस्टला, वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. वर्षानुवर्षे जे चार तास मिळत नव्हते, ते एका खुनानंतर मिळाले. दीड वर्षाने, फेब्रुवारी २०१५ मध्ये, पानसरे अण्णांवर आपल्या याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. या गोष्टी मी शांतपणे सांगू शकत नाही, आणि सांगूही नयेत.

उशीर हे एकच हत्यार नाही. घाई हे त्याच म्यानातले दुसरे. वक्फ सुधारणा विधेयक ८ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेत आले आणि ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले. जगदंबिका पाल अध्यक्ष. आधी मुदत होती हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ती नोव्हेंबरअखेरीस वाढवून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत नेली गेली. मग २४ जानेवारी २०२५ च्या बैठकीत भांडण पेटले ते तारखेवरून. कलमवार चर्चेचा दिवस आणि विषयपत्रिका आयत्या वेळी बदलली, आम्हाला अभ्यासाला वेळ द्या, असे विरोधी सदस्य म्हणत होते. त्यांतले दहा जण दिवसभरासाठी निलंबित झाले, मुंबईचे अरविंद सावंत त्यांत होते. २९ जानेवारीला अहवाल बहुमताने स्वीकारला गेला. सहाशेहून जास्त पानांचा मसुदा आदल्या संध्याकाळी हाती पडला, अशी विरोधकांची तक्रार होती. सर्वांना पुरेशी संधी दिली, असे अध्यक्षांचे म्हणणे होते. त्या कायद्याच्या गुणदोषांवर मी आज बोलत नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की मुदत महिन्यांनी वाढवता येते आणि तरीही वाचायला एक रात्र मिळू शकते, आणि दोन्ही गोष्टी नियमात बसतात.

नियम काय आहेत? लोकसभेत प्रवर समितीला सभागृहाने मुदत घालून दिली नसेल तर तीन महिन्यांत अहवाल द्यावा लागतो. मुदत वाढवायची तर सभागृहाची मंजुरी लागते. बैठकीचा दिवस आणि तास समितीचा अध्यक्ष ठरवतो. एक तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि ओळीने दोन बैठका गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या तर अध्यक्षाने तसे सभागृहाला कळवायचे असते. कामकाज बंद दाराआड चालते. हे वाचल्यावर लक्षात येते की सगळी किल्ल्यांची जुडी अध्यक्षाकडे आहे, आणि तिचा हिशोब देण्याची जागा एकच, मुदतवाढीचा प्रस्ताव. तो प्रस्ताव आवाजी मताने मंजूर होतो. काय कारण, किती बैठका, हे बहुधा कोणी विचारत नाही. १९५२ मध्ये दादासाहेब मावळंकरांच्या अध्यक्षपदाच्या काळात लोकसभेत कामकाज सल्लागार समिती सुरू झाली, ती कोणत्या विधेयकाला किती तास हे सर्वपक्षीय बैठकीत ठरावे म्हणून. कोडाच्या अनुभवानंतर वर्षभरात आलेली ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. पण समितीच्या आतल्या वेळेला तसा पहारेकरी अजून नाही.

आणि आता तर समित्यांनाच बगल दिली जाते. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. उलट महिला आरक्षणाचे पहिले विधेयक १२ सप्टेंबर १९९६ ला आले आणि गीता मुखर्जींच्या समितीने ९ डिसेंबरला अहवाल दिला, तीन महिन्यांच्या आत. कायदा झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. समिती जागी होती, सभागृह झोपले होते.

या सगळ्याची किंमत कोण देते, ते मला माझ्या धंद्यात दिसले. १९४८ च्या समितीने मुलीला जो बरोबरीचा वाटा लिहिला होता, तो १९५६ च्या कायद्यात पुरता उतरला नाही. एकत्र कुटुंबातला जन्माचा हक्क मुलग्यांकडेच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींना दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती, आणि तिचा अर्थ स्पष्ट व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या एका घरातल्या दोन बहिणी डोळ्यांसमोर आणा. थोरलीचे लग्न १९९३ चे, धाकटीचे १९९५ चे. बाप एक, जमीन एक, सातबारा एक. अकरा वर्षे कायद्याच्या लेखी धाकटीला हक्क होता आणि थोरलीला नव्हता. आणि ज्या दिवशी थोरलीला तो मिळाला, त्याच्या आसपास भाऊ गाडी करून दोघींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन आले, हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या झाल्या, परतताना साडी-चोळी झाली. माहेर तुटू नये म्हणून बाई सही करते. हक्क १९५१ मध्ये मिळाला असता तर दोन पिढ्यांत तो घराच्या अंगवळणी पडला असता. तेव्हा न दिलेल्या दिवसांची किंमत अशी फेरफाराच्या रजिस्टरात उतरली आहे.

आपल्या जिल्ह्यात दहा आमदार आहेत, दोन खासदार आहेत. पुढच्या अधिवेशनात एखाद्या समितीच्या मुदतवाढीचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यांच्यापैकी कोणीतरी उभे राहून विचारावे, की मागच्या मुदतीत बैठका किती झाल्या, किती गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या, कोणाच्या साक्षी राहिल्या आणि कोणाच्या घ्यायच्याच नाहीत असे ठरले, सदस्यांना कागद किती दिवस आधी मिळतात. एवढे विचारले की उत्तर द्यावे लागते आणि ते कामकाजात छापले जाते. अशा आशयाच्या पत्राचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. पक्ष कुठलाही असो, बाराही जणांना तेच पत्र जाईल. सभा संपल्यावर तो वाचा, चुकले असेल तिथे दुरुस्त करा, आणि पटले तर सही करा.